१४५३ चे उत्तर आणि फ्लॉरेन्सची शाळकरी पोरे

युरोपात प्रबोधन कशामुळे झाले, या प्रश्नाचे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तिथले ग्रीक पंडित हस्तलिखिते घेऊन इटलीत पळाले, त्यांनी युरोपला प्राचीन विद्येची ओळख करून दिली आणि हजार वर्षांचा अंधार फिटला. शाळेच्या गाईडात हेच, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही हेच. पाच गुणांना पाच मुद्दे, त्यातला एक छापखान्याचा. उत्तर सुटसुटीत आहे, पाठ करायला सोपे आहे आणि मुळातच चुकीचे आहे.

नुसत्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तरी ते कोलमडते. ज्याला प्रबोधनाचा पहिला माणूस म्हणतात तो इटालियन कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडण्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षे आधी. फ्लॉरेन्सने ग्रीक शिकवण्यासाठी मान्युएल क्रिसोलोरस या पंडिताला कॉन्स्टँटिनोपलहून बोलावून घेतले. पगार ठरला होता, शिकायला येईल त्याला शिकवायचे असा करार होता, आणि १३९७ मध्ये तो कामावर रुजूही झाला. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ पर्यंत उभा राहिला. १४५३ नंतर ग्रीक विद्वान आले, त्यांच्या येण्याने भरही पडली. कार्डिनल बेसारियन या ग्रीक पंडिताने आपला मोठा ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, त्याचे मोल कुणी नाकारणार नाही. पण बेसारियन स्वतः १४५३ च्या कितीतरी आधीपासून इटलीत राहत होता. या मंडळींची पुस्तके वाचायला उत्सुक माणसे तिथे आधीच तयार होती. नसती तर ती हस्तलिखिते कुठल्या तरी मठाच्या माळ्यावर पडून राहिली असती.

इतिहासातल्या एका सनावरून एवढे भांडायचे कशाला, असे कुणी म्हणेल. भांडायला हवे, कारण या उत्तरातून आपण नकळत दोन गोष्टी शिकतो. जागृती बाहेरून येते, ही एक. ती आली की आधीचे सगळे रद्दीत जाते, ही दुसरी. या दोन समजुती घेऊन आपण मग आपल्याच समाजाकडे बघतो आणि कुणी थोर पुरुष, कुठले यंत्र किंवा कुठली चळवळ येऊन आपल्याला जागे करेल याची वाट पाहत बसतो. माझे म्हणणे असे की प्रबोधनाची जवळजवळ सगळी हत्यारे मध्ययुगीन समाजाने स्वतः घडवली होती. ती धर्मपीठाच्या हातून दस्तलेखक, व्यापारी आणि कारागीर यांच्या हातात गेली, तेव्हा काळ बदलला. जिथे ती अशी हातात गेली नाहीत तिथे छापखाना येऊनही फारसे काही घडले नाही, आणि याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही.

आधी पुस्तकांचे बघू. पोज्जो ब्राच्चोलिनी हा पोपच्या दरबारातला चिटणीस. कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेच्या काळात हाताशी मोकळा वेळ होता, तेव्हा तो आसपासचे मठ पालथे घालू लागला. १४१६ मध्ये सेंट गालच्या मठात त्याला रोमन लेखक क्विन्टिलियनचा वक्तृत्वावरचा संपूर्ण ग्रंथ सापडला, १४१७ मध्ये जर्मनीतल्या एका मठात रोमन कवी लुक्रेशियसचे काव्य. मठांनी ग्रंथांची काय दुर्दशा केली आहे, अशा तक्रारी त्याच्या पत्रांत आहेत आणि त्यात तथ्यही होते. पण लुक्रेशियसच्या आज टिकलेल्या सर्वांत जुन्या प्रती नवव्या शतकातल्या आहेत. म्हणजे कुठल्या तरी ख्रिस्ती मठात, देव आणि आत्मा यांबद्दल आपल्या श्रद्धेच्या थेट विरुद्ध बोलणारे ते काव्य कुणीतरी ओळ न ओळ उतरून ठेवले होते. त्या लेखनिकाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याने ते काम केले नसते तर पोज्जोला सापडायला काही उरलेच नसते.

याहून बोलकी गोष्ट अक्षरांची आहे. पोज्जो आणि त्याच्या मित्रांना आपल्या काळातली दाटीवाटीची, टोकदार गॉथिक लिपी आवडत नसे. जुन्या हस्तलिखितांतले मोकळे, गोलसर अक्षर त्यांना भावले. हेच प्राचीन रोमनांचे वळण, असे समजून त्यांनी ते मन लावून गिरवले. प्रत्यक्षात ते वळण फ्रँक सम्राट शार्लमेनच्या काळातले, आठव्या-नवव्या शतकातल्या मठांतले होते. पुढे इटलीतल्या मुद्रकांनी त्याच वळणाचे खिळे पाडले, आणि आज जगभर रोमन लिपीची जी छोटी अक्षरे छापली जातात ती त्या खिळ्यांची वंशज आहेत. ज्या काळाला अंधारयुग म्हणून हिणवले त्याच काळाच्या हस्ताक्षरात प्रबोधनाने आपली पुस्तके लिहिली.

भाषांतरांची गोष्ट तीच. बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या खगोलग्रंथाच्या शोधात स्पेनमधल्या टोलेडोला गेला आणि जन्मभर तिथेच राहिला. अरबीतून सत्तरहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले. गणित, वैद्यक, तर्क, ज्योतिष, सगळे त्यात आले. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डची विद्यापीठे मध्ययुगाची. पाण्याच्या शक्तीवर चिंध्या कुटून चांगला कागद करण्याची फाब्रियानोची विद्या तेराव्या शतकाची. वाचणाऱ्याच्या नाकावरचा चष्मासुद्धा १३०० च्या आधीचा, इटलीतलाच.

आणि आकडे! पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो त्याने, १२०२ मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच भारतीयांचे नऊ अंक आणि अरबांकडून कळलेले शून्य मांडून दाखवले. फ्लॉरेन्सच्या सराफ संघाने १२९९ मध्ये हे आकडे हिशेबाच्या वह्यांत वापरायला मनाई केली. त्यांत सहज फेरफार करता येतो, अशी भीती असावी असे म्हणतात. बंदी कागदावर राहिली, कारण बाजाराला आकडे हवे होते. ते शिकवणाऱ्या शाळा गल्लीबोळांत निघाल्या. दोन गावांची मापे वेगळी असताना भाव कसा काढायचा, भागीदारांत नफा कसा वाटायचा, व्याज कसे मोजायचे, हे तिथे शिकवत. लॅटिन नाही, बोलीभाषेत.

माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा कागद जोव्हान्नी व्हिल्लानी या फ्लॉरेन्सच्या व्यापारी बखरकाराने लिहून ठेवला आहे. १३३८ च्या सुमाराचे शहर त्याने आकड्यांत मांडले. लोकवस्ती सुमारे ९०,०००. वाचायला शिकणारी मुले आणि मुली ८ ते १० हजार. सहा हिशेबशाळांत १,००० ते १,२०० मुलगे. लॅटिन आणि तर्क शिकवणाऱ्या चार मोठ्या शाळांत साडेपाचशे ते सहाशे. व्हिल्लानीला आपल्या गावाचा अभिमान होता आणि आकडे फुगलेले आहेत असे काही अभ्यासक मानतात. ते निम्मे धरा, तरी चित्र थक्क करणारे आहे. दर वर्षी शेकडो पोरे अक्षर आणि आकडा घेऊन बाजारात उतरत होती. त्यातली बहुतेक पाद्री होणार नव्हती. ती सूत विकणार होती, दस्त लिहिणार होती, दगड घडवणार होती. हा वर्ग नसता तर पेत्रार्कचा वाचक कोण होता? चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने चित्रांतल्या खोलीचे गणित मांडले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याने व्यापारी हिशेबाचेही एक पुस्तक लिहिले होते, ते सहसा सांगत नाही. दोन्ही गणिते एकाच शाळेतून आलेली होती.

इथे प्लेगचा मुद्दा येतोच. १३४७ मध्ये तो सिसिलीत उतरला आणि पुढच्या वर्षी त्याने फ्लॉरेन्सची निम्मी-अधिक वस्ती नेली. माणसे कमी झाली म्हणून मजुरी वाढली, वाचलेल्यांच्या हाती वारशाचा पैसा आला, धर्मपीठावरची श्रद्धा हलली आणि त्यातून प्रबोधन आले, असे एक नवे सुटसुटीत उत्तर अलीकडे लोकप्रिय झाले आहे. मला तेही पटत नाही. तोच प्लेग कैरोत गेला, तोच लंडनला गेला. इंग्लंडने १३५१ मध्ये कायदाच करून मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधून ठेवायचा प्रयत्न केला. आपत्ती समाजाला हलवते, पण हललेला समाज कुठे जाऊन थांबेल हे त्याच्या गाठीला आधीपासून काय आहे त्यावर ठरते.

फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावच्या फ्रान्चेस्को दातिनीकडे बघा. बाप खानावळवाला. १३४८ च्या प्लेगमध्ये आईबाप आणि दोन भावंडे गेली. पंधराएक वर्षांचा हा मुलगा आव्हिन्योंला गेला, हत्यारे आणि कापड विकता विकता मोठा व्यापारी झाला आणि १४१० मध्ये मरताना सारी मिळकत प्रातोच्या गरिबांसाठी ठेवून गेला. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेच्या वर हिशेबवह्या आज उपलब्ध आहेत. वह्यांच्या माथ्यावर तो लिहीत असे, ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’. त्याची बायको मार्गेरिता तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या हाताने पत्रे लिहायला शिकली. नवऱ्याला त्या पत्रांत ती स्पष्ट शब्दांत सुनावते. हा माणूस मध्ययुगाचा की नव्या युगाचा? एकाच ओळीत देव आणि नफा लिहिणाऱ्याला दोहोंपैकी एका खणात बसवता येत नाही.

त्याच घरातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. प्लेगनंतर घरकामाला माणसे मिळेनात, तेव्हा फ्लॉरेन्सने १३६३ मध्ये ख्रिस्ती नसलेले गुलाम आणायला कायदेशीर परवानगी दिली. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवरून बहुतांशी मुलीच आणल्या गेल्या. दातिनीच्या घरीही गुलाम होते, आणि त्याची एकुलती मुलगी जिनेव्रा ही लुचिया नावाच्या गुलाम स्त्रीच्या पोटची. लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी १३७८ मध्ये बंड करून आपला संघ मिळवला, तो काही आठवड्यांतच मोडून काढला गेला. ज्या शहराच्या सौंदर्याने आपण दिपून जातो त्या शहराचा हा खर्च आहे. तो वहीतून खोडायचा नाही.

आता तो घुमट. फ्लॉरेन्सच्या कथीड्रलचे काम १२९६ मध्ये सुरू झाले. चौदाव्या शतकातच नगराने ठरवून टाकले की मधल्या अष्टकोनावर घुमट येणार, आणि तो कसा बांधायचा हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. पंचेचाळीस मीटरच्या आसपास रुंदीची ती पोकळी कितीतरी वर्षे आ वासून होती. काम पाहत होता लोकर-व्यापाऱ्यांचा संघ. १४१८ मध्ये त्याने जाहीर स्पर्धा लावली. ब्रुनेलेस्की हा सोनारकामात तयार झालेला माणूस, आणि खाली लाकडी सांगाडा न उभारता घुमट चढवतो म्हणून उभा राहिला. लोकांना ते वेडेपणाचे वाटले. शेवटी काम मिळाले, पण बाप्तिस्मागृहाच्या दारांच्या १४०१ च्या स्पर्धेत ज्याने त्याला हरवले होते तो शिल्पकार गिबेर्तीच त्याच्या शेजारी बरोबरीने नेमला गेला. काम संपत आले असताना, १४३४ मध्ये, गवंडी-सुतारांच्या संघाची वर्गणी भरली नाही म्हणून ब्रुनेलेस्कीला तुरुंगातही टाकले. कथीड्रलच्या व्यवस्थापकांनी खटपट करून त्याला सोडवले.

मला या हकिकतीत प्रतिभेइतकीच तिच्याभोवतीची व्यवस्था दिसते. संघ ही अस्सल मध्ययुगीन संस्था, बंदिस्त आणि चिवट. तिच्याकडे पैसा होता, हिशेब तपासणारे होते आणि गावापुढे नमुने मांडून भांडण्याची रीत होती. रेशीम-संघाने त्याच काळात टाकलेल्या मुलांसाठी अनाथालय बांधायला घेतले, तेही ब्रुनेलेस्कीकडूनच. प्रतिभावंत माणसे सगळ्याच गावांत जन्माला येतात. त्यांना काम देणारी, त्यांच्याशी भांडणारी आणि तरीही बिल चुकते करणारी माणसे मात्र थोड्याच गावांत भेटतात.

मग नवीन काहीच नव्हते का? होते, आणि ते मोठे होते. पेत्रार्कला १३४५ मध्ये व्हेरोनात रोमन वक्ता सिसेरोची खासगी पत्रे सापडली. ज्याला तो गुरू मानत होता तो माणूस त्यांत राजकारणाच्या फंदात अडकलेला, कच खाणारा दिसला. पेत्रार्कने जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या त्या सिसेरोला उलट पत्र लिहिले आणि त्याला दोष दिला. पूर्वजाला पूज्य मानूनही त्याच्या काळात, त्याच्या दोषांसह उभा करून पाहायचे, ही नजर नवी होती. लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये तीच नजर एका राजकीय दस्तऐवजावर रोखली. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान दिले, असा तो दस्तऐवज. वाल्लाने दाखवून दिले की त्यातली लॅटिन चौथ्या शतकाची असूच शकत नाही. ज्या अधिकाऱ्यांचा त्यात उल्लेख आहे ते रोममध्ये कधी नव्हतेच. व्याकरणाच्या बळावर त्याने पोपच्या सत्तेचा एक खांब खिळखिळा केला.

तो वाचला कसा, हे मात्र विचारायला हवे. वाल्ला तेव्हा आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या आश्रयाला होता आणि आल्फोन्सोचे पोपशी वैर होते. पुढे नेपल्समध्ये धर्मन्यायाधीशांनी त्याला घेरले, तेव्हाही राजानेच सोडवले. आणि १४४८ मध्ये निकोलस पाचवा या नव्या पोपने त्यालाच आपल्या सेवेत घेतले! इटली तुकड्यातुकड्यांत विभागलेली होती, याचे नुकसान तिने पुढे सोसले. पण एका दाराला कडी लागली तर दुसरे उघडे मिळे, आणि विचार करणाऱ्या माणसाला एवढी फट पुरते.

ही फट नसली तर काय होते ते गोव्यात दिसले. १५५६ मध्ये, गटेनबर्गच्या बायबलनंतर शंभरएक वर्षांत, गोव्यात छापखाना उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, राहिला गोव्यात, जेझुइट पाद्र्यांच्या सेंट पॉल महाविद्यालयात. चारच वर्षांनी, १५६० मध्ये, तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालयही आले. या दोहोंच्या मध्ये गार्सिया द ऑर्ता नावाचा वैद्य उभा होता. मूळचा ज्यू घराण्यातला, नावापुरता ख्रिस्ती झालेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याची ऊठबस होती, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. इथल्या वैद्य-हकिमांना विचारून, झाडे स्वतः पाहून लिहिलेला. आपल्याकडच्या मोडशीच्या, म्हणजे पटकीच्या रोगाचे वर्णन त्यात स्थानिक नावासह आहे. ग्रीक आचार्य काही म्हणोत, मी डोळ्यांनी पाहिले तेच सांगतो, हा त्याचा बाणा. प्रबोधनाचा याहून अस्सल ग्रंथ इटलीतही क्वचितच सापडेल. १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला आणि युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ तो वाचू लागले. इकडे १५६८ मध्ये ऑर्ता वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द त्याच्या अस्थी उकरून आगीत टाकल्या.

छापखाना होता, प्रतिभाही होती. फादर स्टीफन्सचे मराठी ओव्यांतले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये तिथेच छापले गेले, रोमन लिपीत. पण यंत्र एकाच सत्तेच्या मुठीत राहिले. ते विकत घेणारा व्यापारी संघ नव्हता, त्यावर पोट भरणारा स्वतंत्र मुद्रक टिकला नाही, त्याला आसरा देणारा दुसरा दरबार नव्हता. सतराव्या शतकातच ते थंडावले आणि गोव्यात छपाई पुन्हा सुरू झाली ती १८२१ मध्ये. घाटावरच्या राज्यकर्त्यांनी, सावकारांनी, शास्त्र्यांनीही इतकी वर्षे शेजारी असलेल्या त्या यंत्राला आपलेसे केले नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये, म्हणजे गोव्यात पहिला छापखाना लागल्यावर पावणेतीनशे वर्षांनी. मुलांना घोकायला १४५३ देण्याऐवजी या पावणेतीनशे वर्षांचे काय झाले असा प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे प्रबोधनाची चर्चा दोन टोकांवर अडली आहे. जुने सगळे टाकाऊ, असे एक टोक म्हणते. जुन्यात सगळे होतेच, असे दुसरे म्हणते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले, हे या दोन्ही टोकांना नीट सांगता येत नाही. लक्ष्मणशास्त्र्यांनी परंपरेचे व्याकरण आणि तर्क घेतले आणि तेच परंपरेला प्रश्न विचारायला वापरले. वाल्लाने लॅटिनचे हेच केले होते.

म्हणून मला भाषणांपेक्षा खर्चाबद्दल बोलावेसे वाटते. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, पण आजचे विज्ञान, कायदा, अर्थशास्त्र मराठीत वाचायचे तर तिथल्या कपाटात काय मिळते? भाषांतर हे आपल्याकडे निवृत्तीनंतरचे किंवा रात्री जागून करायचे काम आहे. त्यावर घर चालत नाही. हा भार एकट्या सरकारवर टाकायचे कारण नाही. फ्लॉरेन्सच्या संघांसारख्या पैसा आणि पत असलेल्या संस्था महाराष्ट्रात आहेत: सहकारी साखर कारखाने, नागरी बँका, दूध संघ, व्यापारी महासंघ. त्यांतल्या कितीतरींनी शाळा-महाविद्यालये काढलेलीच आहेत. प्रत्येकाने एका पूर्णवेळ भाषांतरकाराचा पगार पाच वर्षांसाठी उचलावा आणि छापलेले पुस्तक आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयांत फुकट ठेवावे. पहिली पुस्तके कोणती निवडायची यावर भांडणे होतील, आणि ती सर्वसाधारण सभेत, सभासदांसमोर, मोठ्या आवाजात व्हावीत.